साथीदाराचं हेल्मेट

आई गेल्यापासून बाबा कशातच रमत नव्हते, म्हणून लेकीनं त्यांना अंतराळातला एक व्हिडिओ गेम लावून दिला. आणि काय नवल, जन्मभर शिलाई मशीन चालवलेले बाबा बघता बघता यान चालवायला लागले!

अडायचं ते एकाच ठिकाणी. हवा नसलेल्या ग्रहावर यान उतरलं, की बाबा स्वतः हेल्मेट घालून बाहेर पडत आणि गेममधल्या आपल्या साथीदार बाईला मात्र यानातच बसवून ठेवत. मग एकटेच राक्षसांशी लढत आणि सपाटून मार खाऊन परत येत.

शेवटी लेकीला राहवलं नाही. "अहो बाबा, तिला सोबत न्या की! ती आहेच त्यासाठी."

"कशी नेऊ? सूट झकास शिवलाय, पण डोकं उघडंच. हेल्मेट काय ते माझ्या एकट्याला."

"चेहरा दिसावा म्हणून तिला देतच नाहीत हो!" लेक हसत सुटली. "आणि राक्षसांचा तो खड्डा तर यानाच्या समोरच आहे. इथल्या इथे तर जायचंय, तिला काय होतंय?"

बाबांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. पडद्यावर ती बाई उघड्या डोक्यानं, हसऱ्या चेहऱ्यानं निघायला तयार उभी होती.

 

"त्या दिवशी स्कूटर काढताना तुझ्या आईला मी हेच म्हणालो होतो," बाबा म्हणाले, "आणि घरातलं एकुलतं एक हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवलं होतं."