मास्टरीचे पाच शब्द

दामिनी तलावाच्या पाळीवर बसून चाचणीचे पेपर तपासत होती. चिमूरच्या शाळेत ती इंग्रजी शिकवायची. दोन दिवसांची रजा टाकून ती माहेरी आली होती, कारण आज गावातल्या ढिवरांचं, म्हणजे मासेमारांचं, मोठं जाळं पाण्यात पडणार होतं.

शेजारी तिचा बाबा मनसाराम बसला होता, आणि हेच नवल होतं. सत्तावीस वर्षं तो या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हाका द्यायचा. जाळं कुठे सोडायचं, कधी ओढायचं, सगळं त्याच्या तोंडून. यंदा मच्छीमार संस्थेच्या सभेत हेमराजचं नाव निघालं. हेमराज तरुण होता, मत्स्यपालनाचं ट्रेनिंग घेऊन आला होता. मनसारामची नजर मंदावली होती, हे सभेत कुणी बोललं नाही, पण ठाऊक सगळ्यांना होतं.

"काय लिवून राह्यली एवढं लाल लाल?" मनसारामनं विचारलं.

"पोरांचे पेपर, बाबा. 'मास्टरी'चे समानार्थी शब्द विचारले होते. एकानं 'हेडमास्तर' लिवलं."

मनसाराम हसला. मग पाण्याकडे बघत एका दमात म्हणाला, "कमांड, कंट्रोल, होल्ड, ग्रिप, अथारटी."

दामिनीचा पेन हातातच राहिला. "बारा वर्षं झाली, बाबा!"

"मंग? आठ दिवस तेच तर घोकत होती तू."

दहावीच्या वर्षी घरात अभ्यासाला निवांत कोपरा नव्हता, म्हणून सकाळी ती त्याच्या डोंग्यात बसायची. तो वल्हवायचा, ती गाइड मांडीवर घेऊन मोठ्यानं पाठ करायची. त्याला वाचता येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं तो विसरत नसे. ती चौथ्या शब्दाला अडली की समोरून आवाज यायचा, "ग्रिप, बाई, ग्रिप." पाचवा शब्द त्याच्या जिभेला जड जायचा. ती हसली की तो मुद्दाम डोंगा हलवायचा. एकदा त्यानं अर्थ विचारले. मास्टरी म्हणजे प्रभुत्व, कमांड म्हणजे हुकूम, ग्रिप म्हणजे पकड, तिनं सांगितलं.

"म्हणजे हुकूम अन् पकड एकच?" तो म्हणाला होता. "तुह्या इंग्रजीवाल्यायनं जाळं नाई धरलं कधी."

परीक्षेत तो प्रश्न आलाच नाही. पण त्या वर्षाचं बाकी सगळं पुसट झालं, तरी वल्ह्यावरून निथळणारं पाणी आणि बाबाचं ते 'अथारटी' तेवढं जसंच्या तसं राहिलं.

एवढ्यात पाण्यात गलका झाला. जाळं अडकलं होतं. वीस माणसं दोर ओढत होती आणि जाळं जागचं हलत नव्हतं.

"जोर लावा! अजून जोर लावा!" हेमराज ओरडत होता.

दोर ताणून काठीसारखा झाला. ते जाळं साऱ्या वस्तीनं दोन पावसाळे बसून विणलं होतं. फाटलं असतं तर यंदा पुन्हा पाण्यात उतरायला काही उरलं नसतं.

मनसाराम उभा राहिला. "दोर कसा करकरून राह्यला आयकलं? ऐनाचं खोड हाय तिथी. पुराच्या वर्षी वाहून आलं होतं."

"मंग सांगा ना त्याले!"

"आज हाक त्याची हाय."

तो जागच्या जागी घुटमळला. त्याची बोटं मिटत होती, उघडत होती. तेवढ्यात दोराचा एक पीळ तटकन तुटला. तसा मनसाराम धोतर खोचून पाळ उतरला आणि पाण्यात शिरला. दामिनी पेपर तसेच टाकून मागोमाग काठापर्यंत आली.

तो हेमराजच्या अगदी जवळ गेला आणि हळूच बोलला. काठावर दामिनीच्या कानावर जेमतेम आलं. "ढील दे. मंग उगवतीच्या अंगानं घे. तूच सांग सगळ्याइले, मी नाई."

हेमराजनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं आवाज चढवला, "ढील द्या! सगळे ढील द्या! आता उगवतीकडून घ्या!"

जाळं सैल पडलं, खोडावरून घसरलं आणि अलगद पुढे सरकलं. पाण्यावर रोहू मासे उसळू लागले. काठावरच्या बाया ओरडल्या, "वा रे हेमराज!"

हेमराज ओशाळला. "मनसारामभाऊ, तुमी इथीच उभे राहा. पुढच्या हाका तुमीच द्या."

"नाई रे. तुहा आवाज दूरवर जाते."

मनसाराम पाणी कापत दोराच्या पार शेवटच्या टोकाला गेला, जिथे नवखी माणसं उभी राहतात. त्यानं दोर धरला, पाय गाळात रोवले आणि हेमराजच्या दिशेनं कान केला. दामिनीनं आजवर त्याला हाक देतानाच पाहिलं होतं. हाकेची वाट बघताना ती त्याला पहिल्यांदा बघत होती.