वीस गुंठ्यांची तळटीप

“तुमची लिंक मेलेली आहे,” श्रीपाद सरांनी स्क्रीनवरची नजर न हलवता सांगितलं.

समोर बसलेल्या गेनूने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. सरांना हसू आलं. लिंकचं सुतक पाळणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

भोरच्या कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून श्रीपाद आगाशे सरांनी एकच काम धरलं होतं. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात भोर-वेल्ह्यातल्या गावांची पानं उघडायची, प्रत्येक तळटीप दाबून बघायची, आणि जिथली वेबसाइट बंद पडलीय तिथं ‘मृत दुवा’ असा शिक्का मारायचा. खरं तर त्यापुढं अजून एक काम असतं. बंद पडलेल्या पानाची कुणीतरी जतन केलेली प्रत शोधायची आणि दुवा दुरुस्त करायचा. पण शिक्का मारण्यातली मजा मलमपट्टीत कुठली? हल्ली तर सर ओळच्या ओळ खोडून मोकळे होत. सरांकडे काही मागायला जावं आणि नेमकं उलटं पदरात घेऊन यावं, अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती होती. सरांना ती शिस्तीची ख्याती वाटे.

गेनूच्या कोंडाईवाडीच्या पानावर एक ओळ होती. ‘गेनू रखमाजी पारठे यांनी २००९ साली शाळेच्या मैदानासाठी वीस गुंठे जमीन दान दिली.’ खाली तळटीप, एका साप्ताहिकाच्या बातमीची. ते साप्ताहिक बुडूनही दहा वर्षं झाली होती.

“तेवढी ओळ राहू द्या सर,” गेनू म्हणाला. “नातवंडं मोबाईलवर बघत्यात. म्हातारपणी नावाची तेवढीच खूण हाय.”

“दानाचा कागद आहे?”

“कागद कुठला? नारळ दिला, शब्द दिला. त्या पेपरात आलं व्हतं तेवढंच. तवाचे हेडमास्तर बी गेले आता.”

“शब्दाला लिंक नसते,” सर म्हणाले. वाक्य त्यांना इतकं आवडलं, की चहा घेऊन आलेल्या बायकोसाठी, नलूताईंसाठी, त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं.

“अहो, पण दुरुस्त होते ना ती?” नलूताईंनी विचारलं. “परवा तुम्हीच म्हणालात, जुनी प्रत सापडली की दोन मिनिटांचं काम.”

आता शोधल्यासारखं करणं भाग होतं. प्रत अर्ध्या मिनिटात सापडली. फोटोत फेटा बांधलेला गेनू हेडमास्तरांच्या हातात नारळ देत होता, मागं पोरं दाटीवाटीनं उभी होती. खाली त्याचंच बोलणं छापलं होतं, ‘आजपासून ही जमीन शाळेची.’ नलूताई वाकून बघत होत्या. सरांनी झटकन खिडकी बंद केली.

“काही मिळत नाही,” ते म्हणाले.

नलूताईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि रिकामा ट्रे घेऊन त्या आत गेल्या.

वीस गुंठे द्यायचे आणि जन्मभर त्याची पिपाणी वाजवत हिंडायचं, असल्या माणसांची सरांना किळस येई. ह्याला एकदा धडा मिळायलाच हवा होता. “मी ओळ खोडतोय,” त्यांनी जाहीर केलं.

“नका सर. पाया पडतो तुमच्या.”

तो जितका काकुळतीला आला, तितकं सरांचं बोट ठाम होत गेलं. ओळ गेली.

 गेनूने चहा बशीत ओतून सावकाश संपवला. मग म्हणाला, “का खोडली त्ये तरी लिवा, सर. तुमच्या नावानं. गावात सांगाया बरं पडंल.”

सरांनी चवीचवीनं तीन वाक्यं टंकली.

“ह्याचा कागद निघंल का? खाली सही बी करा. तुमची सही म्हंजी शेवटचा शब्द.”

हे मात्र म्हातारा बरोबर बोलला, असं सरांना वाटलं. त्यांनी कागद काढला, सही केली, हुद्दा लिहिला. गेनूने तो चार घड्या घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला, टोपी घातली आणि एसटी स्टँडची वाट धरली.

“बघितलंस?” सर कपबशी उचलायला आलेल्या नलूताईंना म्हणाले. “अपमानाचा कागदसुद्धा जपून नेतात ही माणसं.”



महिन्याभराने कोंडाईवाडीच्या शाळेतल्या सुलक्षणा बाई दारात उभ्या राहिल्या. दोन एसट्या बदलून आल्या होत्या, चेहरा पार उतरला होता. सरांनी त्यांना बसा म्हणायच्या आधीच सुनावलं, “शिफारस घेऊन आला असाल तर उपयोग नाही. ती ओळ परत येणार नाही.”

“ओळीचं कुणाला पडलंय, सर? आमच्या मैदानातून नवा रस्ता जातोय. भरपाई मिळणार आहे. त्यातून पोरांना चार खोल्या होतील, असं आम्ही धरून चाललो होतो. पावसाळ्यात दोन वर्ग देवळात बसवतो आम्ही.”

“मग अडलंय कुठं?”

“गेनूबाबांनी अर्ज केलाय. जमीन आपण शाळेला कधी दिलीच नव्हती म्हणतात. सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे.” त्यांनी पर्समधून एक झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली. “अर्जाला हे जोडलंय. भूसंपादनाचे साहेब म्हणाले, एवढ्या शिकलेल्या माणसानं तपासून लिहून दिलंय, आता मी काय करू?”

सरांनी कागदाला हात लावला नाही. नलूताईंनी तो उचलला, चष्मा नीट केला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

“‘सदर संदर्भ मी स्वतः कसून तपासला आहे. त्याची जतन केलेली प्रत कुठंही उपलब्ध नाही. जमीन दान दिल्याची गोष्ट निव्वळ थाप आहे. श्रीपाद आगाशे, सेवानिवृत्त प्राध्यापक, भोर.’”