गवंडीबुवा

भांडी विसळताना काकूच्या हातून निळा कप निसटला आणि फुटला. तो पोरीच्या वारलेल्या आईचा होता. बापाशी लग्न होऊन वर्ष झालं, तरी पोर हिला काकूच म्हणायची. “तुकडे फेकू नका,” एवढंच ती पुटपुटली. खिडकीतल्या बरणीत तिनं ओहोटीला किनाऱ्यावरून आणलेला किडा होता, वाळूचा एकेक कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधणारा. त्याला ती गवंडीबुवा म्हणायची. “गवंडीबुवांना द्यायचे?” काकूनं हळूच विचारलं. पोरीनं मान डोलावली. तुकडे खलबत्त्यात कुटून काकूनं निळी वाळू बरणीत सोडली. सकाळी केर काढताना हाक आली, “आई! अगं आई, बघ, निळं बांधलंय त्यांनी!” काकूनं आधी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. पण पोर हिचाच हात ओढत होती. गवंडीबुवांचे पाय कुठे असतात ते ठाऊक असतं, तर काकूनं धरले असते.