गुडमारची पानं

खिरीचा पहिला घास तोंडात गेला आणि नीलकंठगुरुजी चपापले. खीर कसली, ओली वाळूच! दुसरा घास घेतला. तेच. मग त्यांच्या ध्यानात आलं, ही करामत जेवायला बसण्यापूर्वी चावलेल्या गुडमारच्या पानांची.

संकठा घाटावरच्या बिंदुमाधव वैद्यांनी कालच ती दिली होती. "जेवणाआधी दोन पानं चावा. गोडाची चवच कळणार नाही. पण गुरुजी, रक्तातली साखर काही जिभेला विचारून वाढत नाही. औषध चालू आणि पथ्य-परहेज नाही, हे जमायचं नाही."

वीस वर्षं गुरुजी काशीत यजमानांच्या पितरांच्या नावानं जेवत होते. पोट सुटलं, रक्तदाब चढला, यकृतावर चरबी साठली, आता साखर. ज्याचं कामच जेवणं, त्यानं पथ्य पाळायचं कसं, हा त्यांचा लाडका प्रश्न. पण महिन्याभरात डाव्या डोळ्यापुढे अंधारी येऊ लागली होती, आणि ते मनातून पार घाबरले होते.

आज रामघाटावरच्या एका माडीवर नाशिकच्या अनिशनं वडिलांचं श्राद्ध मांडलं होतं. गुरुजी पितृस्थानी बसलेले, म्हणजे त्या घटकेला तेच अनिशचे वडील. जेवण संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा नियम. त्यांनी खिरीची वाटी हळूच बाजूला सारली. चला, आजचं निभावलं, असं त्यांना वाटलं.

वाढायला आलेली अनिशची आई देवयानी ती वाटी बघून जागीच थिजली.

"खीर नको म्हणतायत."

"आई, गुरुजींना नको असेल," अनिश म्हणाला.

"गुरुजींना नाही रे, ह्यांना." देवयानीला पत्रावळीवर आता नवराच दिसत होता. "साखरेनं किडन्या गेल्या, तरी शेवटपर्यंत खीर मागत होते. मी दिली नाही. 'तोंडचा घास काढतेस माझ्या' म्हणाले, आणि मग बोललेच नाहीत."

गुरुजींचा हात पत्रावळीवरच थांबला. सकाळी त्यांच्या बायकोनं, शरदिनीनं, ती पानं हातावर ठेवली, तेव्हा अगदी हेच ते तिला बोलले होते. ती गुमान आत निघून गेली होती.

देवयानी पत्रावळीसमोर बसली आणि वाटी पुढे सरकवली. "अहो, अजून राग आहे का माझ्यावर? एवढी खीर खा ना."

वाटी संपवणं काही अवघड नव्हतं. तेवढ्यानं बिचारीचं समाधान झालं असतं. गुरुजींनी वाटीला हात लावला आणि काढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी श्राद्धाच्या जेवणात मौन मोडलं.

"राग नाही गं," ते म्हणाले. "घास नव्हतीस काढत तू. मला जगवत होतीस."