ढब्बूच्या वाट्याची नळी

कुत्र्याला कच्चं मटण आणि हाडं देण्यात नीळकंठरावांचा स्वतःचा फायदा होता. शाकाहारी सुमतीबाईंशी लग्न झाल्यापासून ते मटण बाहेर खाऊन, चूळ भरूनच घरात शिरत आले होते. ढब्बूच्या निमित्ताने ते एकदा घरात आलं, की गॅसपर्यंत पोचायला कितीसा वेळ?

"ढब्बूच्या डॉक्टरांनीच सांगितलंय," ते म्हणाले. सुमतीबाईंनी डॉक्टरांना फोन करून खात्री केली. "हाड मुळीच शिजवायचं नाही म्हणे. शिजलं की कपच्या होतात, आतड्यात घुसतात. चला, माझी भांडी वाचली!"

नीळकंठरावांचा चेहरा पडला.

पहिल्या दिवशी बाईंनी नाकाला पदर लावून चिमट्याने नळी टाकली. दूध-पोळीवर वाढलेला ढब्बू घाबरून पलंगाखाली शिरला. मग त्यांनी पदर सोडला, फरशीवर बसकण मारली आणि नळी हातात धरली. "खा रे राजा." तो आधी चाटू लागला, मग कुरतडू लागला.

हे सगळं दारातून बघत नीळकंठराव पुटपुटले, "नशीब लागतं."

"तुम्ही कच्चं खाता का?" बाई हसल्या. तेही हसले, पण नजर नळीवरच होती. ते बाईंना दिसलं.

रविवारी बाल्कनीत जुना स्टोव्ह पेटला. नाकाला पुन्हा पदर लावून बाई रस्सा ढवळत होत्या. "अहो, मीठ तुम्हीच बघा. मी चाखणार नाही."

या सगळ्याची किंमत मोजली ढब्बूने. त्या दिवशी त्याच्या ताटलीत एक नळी कमी होती.