टॅबची उलटतपासणी

'विनंती नाकारली' अशी लाल अक्षरं उमटली आणि ड्राफ्ट्समनच्या कपाळावरची शीर तटतटली. दुसऱ्यांदा! अकराला नऊ मिनिटं उरली होती आणि हा मेला टॅब त्यालाच विचारत होता, तू खरंच तूच का म्हणून.

वाचनालयाच्या अभ्यासिकेत तो टाय लावून बसला होता. अकराला मुलाखत होती, ती याच टॅबवर. कारखान्यानं नारळ दिल्याला अडीच महिने झाले होते. पन्नाशीच्या माणसाला बोलावणारी ही पहिलीच कंपनी. घरी यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. तो रोज नऊला डबा घेऊन निघायचा, दिवसभर इथं बसायचा आणि संध्याकाळी घरी जाऊन नसलेल्या साहेबाच्या कागाळ्या सांगायचा.

सगळे पासवर्ड एका ॲपच्या कुलपात होते. पूर्वी त्याचा मोबाइल कारखान्याचा, म्हणून खात्रीसाठी नंबर बायकोचा दिलेला. कुलूप उघडायचं तर तिच्या मोबाइलवर विचारणा जाणार आणि ती 'हो' दाबणार. बरं, एकदा दाबलं की संपलं? छे! टॅबला जरा डुलकी लागली की पुन्हा विचारणा. 'या टॅबवर विश्वास ठेवा' या चौकटीत त्यानं शंभरदा टिचकी मारली असेल. पालथ्या घड्यावर पाणी.

दात-ओठ खात त्यानं तिसऱ्यांदा विनंती पाठवली. चक्र गरगर फिरलं. नाकारली.

तो तरातरा जिन्यात आला आणि फोन लावला. बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. मागे यंत्राची घरघर चालली होती.

"अगं, एक बटण दाबायला मुहूर्त काढतेस की काय?"

"हातात मोजे आहेत हो..."

"मोजे गेले खड्ड्यात! इथं ऑफिसात साहेबासमोर माझी शोभा चाललीय. तीनदा 'नाही' दाबलंस तू, तीनदा! आणखी एकदा चुकलीस तर तासभर बंद पडेल ते. काही कळतं का तुला?"

वाचनालयाच्या बाईंनी दारातून डोकावून ओठांवर बोट ठेवलं. त्यानं त्यांच्यावरही डोळे वटारले.

पलीकडची घरघर दूर गेली. दार लागल्याचा आवाज आला.

"मला सगळं कळतं," ती म्हणाली. आता तिचाही आवाज तापला होता. "दर वेळी खाली नकाशा येतो, तुम्ही कुठून उघडताय त्याचा. अडीच महिने तो वाचनालय दाखवतोय आणि मी 'हो' दाबतेय. वर रोज संध्याकाळी तुमच्या त्या साहेबाच्या गोष्टी ऐकून हसतेय. आज सांगतील, उद्या सांगतील... वाट बघून बघून डोकं उठलं माझं!"

तो जिन्याच्या पायरीवर मटकन बसला. रागानं चढलेलं रक्त सगळं कानांत उतरलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"मग आज 'नाही' का दाबलंस?" त्यानं कसंबसं विचारलं.

"काय उघडताय तेही येतं त्यात. रोज नोकरीच्या जाहिराती असायच्या. आज पहिल्यांदा 'मुलाखत' असं आलं." ती थांबली. नाक ओढल्याचं ऐकू आलं. "हात थरथरायला लागला माझा. तिन्ही वेळा बोट भलतीकडेच पडलं."

तो उठून टॅबपाशी गेला.

"पाठवा आता परत. मोजे काढून ठेवलेत. आणि हे बघा, मुलाखतीत त्या लोकांवर असं खेकसू नका. त्यांचं 'नाही' चुकून पडलेलं नसतं."