सापडल्याचं ठिकाण

विलावानबाईंनी कालवणाची दुसरी वाटीही चाटूनपुसून संपवली, हात धुतले आणि पिशवीतून काचेच्या चार नळ्या काढल्या.

"चला आजी, आता तुमची पाण्याची अंडी जिवंत दाखवा."

खामफाई आजींच्या हातातला चिकट भाताचा गोळा हातातच राहिला.

"जिवंत?"

"हो, तळ्यातली. त्यासाठीच तर आलेय मी."

"अगं पोरी, तळ्यातली तर आत्ता तू खाल्लीस!"

बाई हसल्या. मग आजींचं तोंड बघून त्यांचं हसू मावळलं.

आता आजींची तरी काय चूक? विद्यापीठाची पाहुणी पहिल्यांदा गावात येणार. तिला जेवायला घालायचं आणि गाव उपाशी बसवायचं, ही आमच्याकडची रीत नाही. पाहुणा एक असला तरी चटया साऱ्या गावाच्या पडतात. त्यात आजींच्या तळ्यातली पाण्याची अंडी, म्हणजे पाण्यावर तरंगणारे हिरवे दाणे, पंचक्रोशीत नावाजलेले. रव्याएवढे, ना मूळ ना पान. बाकीच्या डबक्यांतल्या हिरवळीला खालून केसासारखं मूळ असतं, ती बदकांची. तळहातावर चोळून बघायचं, मूळ लागलं नाही तर ती माणसांची. आजींनी पहाटेपासून फडक्याने सगळं तळं गाळलं, दाणे सात पाण्यांनी धुतले. गवती चहा, मिरच्या आणि आंबवलेली मासळी घालून अकरा पातेली कालवण रटारटा शिजवलं. अर्धं मागे ठेवावं असं मनात आलंही होतं. पण पाहुण्यांच्या जेवणात हात आखडला असं कुणी म्हटलं तर? शिवाय काठाला चिकटलेले उरलेसुरले दाणे गचाळ दिसू नयेत म्हणून त्यांनी तळ्यात बदकं सोडली.

पाहुणीने पाहावं म्हणून आजींनी तळं असं लख्ख केलं होतं, की त्यात आता आभाळ दिसत होतं.

"आजी, मी पत्रात लिहिलं होतं ना," बाई काकुळतीला आल्या. "तुमचा दाणा दीड दिवसात दुप्पट होतो म्हणतात. इतका भराभर वाढणारा आम्हाला दुसरीकडे मिळालेला नाही. तो जिथं सापडेल त्या जागेला सरकारी नियमाने पाच वर्षं कुणाला हात लावता येत नाही. पण सापडायला तर हवा!"

आजी मटकन चटईवर बसल्या. तळं गावकीच्या जागेत होतं. आधी आईने राखलं, मग चाळीस वर्षं त्यांनी. मुखिया प्रायून यांना ते बुजवून तिथं गाड्या उभ्या करायला जागा करायची होती. गाड्या म्हणजे त्यांचा एकुलता एक टेम्पो. या पत्रापायी ते गेले दोन महिने गप्प होते.

"माझ्याच हाताने घालवलं गं मी," आजींनी पदरासारखा खांद्यावरचा पंचा तोंडाला लावला. "आईचं तळं मीच शिजवलं."

मुखियांना मात्र कालवण आता अधिकच गोड लागायला लागलं. त्यांनी तिसरी वाटी संपवली, मिशा पुसल्या आणि उठले.

"बाई, लिहून घ्या. तळ्यात काही नाही. एक दाणा नाही! सगळं गाव साक्षीला आहे. आजी, वाईट वाटून घेऊ नका हं, कालवण झकास झालं होतं. उद्या मातीच्या गाड्या येतील. थांबा, आत्ताच खुंट्या ठोकून घेतो."

आणि अर्ध्या विजारीतच उतरले की पाण्यात! एक खुंटी इकडे, एक खुंटी तिकडे. पलीकडच्या काठाला पाय घसरला, तर गवताखालच्या कपारीत गुडघ्यापर्यंत रुतले. दोघांनी ओढून बाहेर काढलं. बदकांची चोच त्या कपारीत पोचली नव्हती. मुखियांचा पाय पोचला.

"हलू नका!" विलावानबाई ओरडल्या.

मुखियांना वाटलं, साप. ते एका पायावर थिजून उभे राहिले. बाई त्यांच्यापुढे चक्क गुडघ्यांवर बसल्या आणि भिंग लावून डाव्या नडगीकडे बघायला लागल्या. नडगीवर केस दाट, आणि केसाकेसांत हिरवा रवा. बाईंनी चिमट्याने एकेक दाणा उचलून नळीत सोडला. चार नळ्या भरल्या. आजी पंचा तोंडावरून काढून उभ्या राहिल्या.

बाईंनी कागद काढला, पेन काढलं आणि मोठ्याने वाचत लिहायला लागल्या. "सापडल्याचं ठिकाण... मुखिया प्रायून यांचा डावा पाय."

"अहो, पाय काय?"

"तळ्यात काही नाही, तुम्हीच म्हणालात. सगळं गाव साक्षीला आहे. मी जे डोळ्यांनी बघते तेच लिहिते."

"आणि मग... पाच वर्षं?"

"हात लावायचा नाही. धुवायचा नाही, साबण तर अजिबात नाही. भोवती जाळी आणि त्यावर फलक. दर महिन्याला आमची माणसं येऊन तपासून जातील."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मुखियांच्या बायकोने जाळी किती उंच लागेल असं विचारलं.

"खोडून टाका ते!" मुखिया एका पायावर लंगडत बाईंकडे धावले. "तळं लिहा, बाई! आजींच्या तळ्यातच सापडलं, मी स्वतः उतरून काढलंय. कुठं सही करू, सांगा!"